पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चालू प्रणालीतील मोठ्या टेबलवर, नोंदी न थांबवता, इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) कसा तयार करावा?
‘क्रिएट इंडेक्स’ या आज्ञेत ‘कन्करंटली’ हा शब्द जोडावा, म्हणजे इंडेक्स तयार होत असतानाही नोंदी घालणे, बदलणे व वगळणे चालू राहते. साध्या आज्ञेने टेबलवर लागणारे लॉक (वापरावरील तात्पुरता अटकाव) वाचनाला अडवत नाही, परंतु त्या टेबलवर लेखन करणारे प्रत्येक ट्रान्झॅक्शन (एकत्रच पार पडणारा व्यवहार) इंडेक्सचे काम संपेपर्यंत खोळंबते; ‘कन्करंटली’ मात्र, अधिकृत दस्तऐवजात सांगितल्याप्रमाणे, टेबल दोनदा वाचते आणि आधीपासून सुरू असलेली ट्रान्झॅक्शने संपण्याची वाट पाहते, म्हणून वेळ बराच अधिक लागतो. ही आज्ञा ट्रान्झॅक्शन ब्लॉकमध्ये, म्हणजे ‘बिगिन’ व ‘कमिट’ यांच्यामध्ये, चालत नाही. शिवाय ती मध्येच अयशस्वी झाली, तर ‘इनव्हॅलिड’ (अवैध) इंडेक्स मागे राहतो, जो शोधाला उपयोगी पडत नाही आणि लेखनाचा भार मात्र वाढवतो. तो आधी काढून टाकावा आणि मगच पुन्हा प्रयत्न करावा.