टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह म्हणजे काय?

वडिलांच्या फुप्फुसाच्या बायोप्सीत ‘टीटीएफ-१ पॉझिटिव्ह, पी४० निगेटिव्ह’ आलंय, म्हणजे आजार पसरलाय का, असं तुम्ही विचारलंय. नाही. पसरण्याशी या ओळीचा काहीच संबंध नाही. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जवळजवळ रोज ही ओळ लिहितो. आमचं ‘पॉझिटिव्ह’ घरच्यांना किती घाबरवतं हे मात्र मला फार उशिरा कळलं.

या ओळीतून गाठीचं कूळ कळतं. टीटीएफ-१ हे प्रथिन गर्भात फुप्फुस घडवायला लागतं. पुढे आयुष्यभर ते वायुकोशांमधल्या काही पेशींत टिकून राहतं आणि वायुकोश मिटू न देणारं सर्फॅक्टंट बनवून घेतं. पेशी कर्करोगी झाली तरी ही जुनी खूण बऱ्याचदा जात नाही. अशी खूण फुप्फुसाच्या बहुतेक अडिनोकार्सिनोमात, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींच्या कर्करोगात, सापडते. पी४० ही स्क्वॅमस, म्हणजे चपट्या आवरणपेशींच्या, गाठीची खूण. तुमच्याकडे पहिली आहे, दुसरी नाही, म्हणून कल अडिनोकार्सिनोमाकडे.

कल म्हणतोय, कारण नुसत्या रंगावर निदान होत नाही. तुकड्यावर आम्ही रंग लावतो: खूण असली तर पेशी तपकिरी होते, नसली तर निळी राहते. टीटीएफ-१ थायरॉइडच्या गाठीत असतं, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या स्मॉल सेल या वेगळ्या प्रकारातही बऱ्याचदा असतं. शिवाय एक नेहमीचा चकवा आहे. सुईने काढलेला तुकडा शेवयीएवढा. काचेवर निळ्या केंद्रकांच्या गर्दीत तपकिरी केंद्रकं दिसली की हायसं वाटतं; पण नीट पाहिलं तर कधी कधी तपकिरी झालेल्या पेशी गाठीत अडकून पडलेल्या, साध्या, निरोगी फुप्फुसाच्या निघतात आणि कर्करोगाच्या पेशी निळ्याच राहिलेल्या असतात. नॅप्सिन-ए या दुसऱ्या खुणेत तर सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशीही रंगतात. रंग आला का, यापेक्षा तो कोणाला आला हे महत्त्वाचं.

एवढा खटाटोप औषधासाठी. पेमेट्रेक्सेड हे केमोथेरपीचं औषध स्क्वॅमस गाठीत देत नाहीत. बेव्हॅसिझुमॅब या गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाने त्या गाठीत जीवघेणा रक्तस्राव झालेला आहे, त्यामुळे तिथे तेही टाळतात. एएलके या आणखी एका खुणेची गोष्ट वेगळी: हे प्रथिन मोठ्या माणसाच्या फुप्फुसात सहसा नसतंच, त्यामुळे गाठीत ते ठळक दिसलं की जनुकांची तोडजोड झाल्याचा संशय येतो. ती जोडणी २००७ साली जपानी संशोधकांनी दाखवली आणि आज तिच्यावर गोळ्या आहेत. पीडी-एल१ या प्रथिनाचा आकडा इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीशी लढवणारा उपचार, ठरवताना बघतात. तो टक्क्यांत असतो. ५० टक्के म्हणजे आजार निम्मा पसरला असं नव्हे, बरं का. गाठीतल्या तेवढ्या पेशींवर ते प्रथिन दिसलं, इतकंच.

आता डॉक्टरांना एक विचारा: बायोप्सीचा तुकडा ज्यात जपून ठेवतात त्या मेणाच्या ब्लॉकमध्ये ईजीएफआर या जनुकाच्या आणि इतर जनुकीय तपासण्यांपुरता तुकडा उरलाय का? प्रत्येक रंगासाठी त्यातली एक-एक पातळ चकती खर्च होते. म्हणूनच आम्ही दोन रंगांत भागलं तर तिसरा लावत नाही. रिपोर्ट छोटा वाटतो तो त्यामुळे.