वारसा शहरांच्या आंतरराष्ट्रीय करारांचा सामान्य रहिवाशाला काही उपयोग होतो का?

होतो. मी अहमदाबादचा मराठी. रायपूर दरवाज्याजवळच्या पोळेत, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीत, आमचं जुनं घर आहे, विटांच्या थरांत आडवे सागवानी वासे घातलेलं.

1988 मध्ये थोरल्या काकांनी सगळ्या घराला सिमेंटचा गिलावा करून घेतला. "चुना गरिबाचा, सिमेंट पक्कं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दहाएक वर्षांनी फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने पोळांमधल्या जुन्या घरांची यादी होत होती, तेव्हा फ्रान्समधल्या एका जुन्या गावचा गवंडी आमच्याकडे आला. तो ओसरीवरच्या खांबापाशी मांडी घालून बसला आणि तळखड्याच्या वर चार बोटांवर त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवला. जोर न लावताच तो मुठीपर्यंत आत गेला. गिलाव्याआड ओल कोंडली होती आणि खांब आतून भुसा झाला होता. सोबतच्या विद्यार्थिनीने त्याचं बोलणं गुजरातीत सांगितलं: आमच्या गावात महायुद्धानंतर हीच चूक झाली, आता तिथे सिमेंट खरवडून परत चुना लावतोय.

माझ्या मते शहराशहरांतलं सहकार्य म्हणजे एवढंच. दुसऱ्या शहराने स्वतःच्या भिंती नासवून घेतलेला धडा आपल्याला फुकट मिळतो. काका म्हणाले, "गोरा बोलला की तुम्हाला वेदवाक्य वाटतं." पण आमच्या आजीचा गवंडी तेच सांगत होता, त्याचं तरी कुठे ऐकलं? मग 26 जानेवारी 2001 चा भूकंप झाला. शहरातल्या कित्येक नव्या बहुमजली इमारती कोसळल्या. आमचं घर उभं राहिलं ते त्या सागवानी वाशांमुळे. सिमेंट मात्र तेवढं फुटलं. आम्ही आमच्या वाटणीची बाजू खरवडून चुना केला, खांबाला खालून नवं लाकूड जोडलं. काकांच्या भिंतीला अजून दर पावसाळ्यात लोणा लागतो.

आता या क्षेत्रातल्या संस्थांबद्दल. वारसा शहरांची जागतिक संघटना 1993 मध्ये मोरोक्कोच्या फेझमध्ये स्थापन झाली, कचेरी कॅनडात क्वेबेकला. क्योटोने त्याआधीच, 1987 मध्ये, ऐतिहासिक शहरांची परिषद भरवली होती. अहमदाबाद 2017 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, भारतातलं पहिलं शहर म्हणून. पण यादीत नाव आल्याने कुणाचा खांब दुरुस्त होत नाही. तुमच्या शहराने करार केला असेल तर पालिकेत जाऊन एकच विचारा: तिकडून कोण येणार आहे, अधिकारी की गवंडी? आणि आपले सुतार तिकडे जाणार आहेत का?

हेही सांगायला हवं की चुना महाग पडतो, वाळायला वेळ घेतो आणि तो लावणारे हात फार कमी उरलेत. पालिका वारसा घरांना टीडीआर देते, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्यासाठी विकता येतो; तो विकून काहींनी दुरुस्ती केली. पण घर सामाईक असेल तर सगळ्यांच्या सह्या लागतात. आमच्याकडे त्या अजून झालेल्या नाहीत.