‘रोजची भाकर आज’ : एक शब्द जास्तीचा आहे का?

प्रश्न असा आहे : ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ या येशूने शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’तल्या ओळीत ‘रोजची’ म्हटल्यावर पुन्हा ‘आज’ कशाला?

खटकतं खरं. पण त्यात मराठी भाषांतरकाराची चूक नाही. मूळ ग्रीकमध्ये ‘रोजची’च्या जागी ‘एपिऊसिओस’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आजवर कुणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत ही प्रार्थना येते त्या दोन जागा (मत्तय ६:११, लूक ११:३) सोडल्या तर बायबलमध्ये तो कुठेच येत नाही. ओरिजेन हा ख्रिस्ती विद्वान तर ग्रीकमध्येच लिहिणारा. त्यानेही तिसऱ्या शतकात नोंदवलं, की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि लोकांच्या तोंडीही नाही. जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये ‘रोजची’ ठेवलं, पण मत्तयात त्याच शब्दासाठी ‘भौतिक द्रव्यापलीकडची’ अशा अर्थाचा जडजंबाल शब्द योजला. पुढे १८८९ मध्ये छापल्या गेलेल्या इजिप्तच्या एका पपायरसवर (लव्हाळ्याच्या जुन्या कागदावर), घरखर्चाच्या यादीत, हा शब्द आहे असं वाचलं गेलं आणि अभ्यासक हरखले. मूळ कागद मात्र हरवला. शतकभराने तो सापडला, नीट वाचला, तर शब्द निघाला ‘तेल’!

मला पटतो तो अर्थ ‘येणाऱ्या दिवसाची’. प्रार्थना सकाळी म्हटली तर आजची, रात्री म्हटली तर उद्याची. थोडक्यात, एका दिवसाचा शिधा. त्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे, ‘पुरता’. ‘दिवसापुरती भाकर आज दे’ म्हणा, द्विरुक्ती उरतच नाही. शिवाय पुरता, पुरे, पुरवणे, पुरवठा ही सगळी ‘पुरणे’चीच भावंडं. देव पुरवतो हा भरवसा आणि आपल्या तोंडचं ‘पुरे’, दोन्ही एकाच घरातले. (हा योगायोग मराठीचा, ग्रीकचा नव्हे.)

हा दिवसापुरत्याचा हिशेब बायबलच्या जुन्या करारातलाच आहे. निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात इस्राएली लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळतो तो माणशी एक ओमर (हे तेव्हाचं माप), रोजचा रोज. ज्यांनी सकाळपर्यंत राखून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, तेवढा टिकायचा. नव्या करारात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रातून यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो तेव्हा नेमकी हीच गोष्ट काढतो : ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याचं जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही. म्हणजे तुमच्याकडचं जास्तीचं हे दुसऱ्याचं कमी पडलेलं. प्रार्थनेतही ‘माझी भाकर मला’ असं नाहीच. ‘आमची’ आणि ‘आम्हांला’ आहे. ‘आज’पेक्षा मला तर या दोन शब्दांबद्दल कुणी विचारलं असतं तर जास्त आवडलं असतं.

‘भाकर’ची निवडही झकास. ‘पाव’ म्हटलं असतं तर ओळ बेकरीत गेली असती. ‘भाकर’ म्हटलं की पोट आणि पोटापाण्याचा धंदा दोन्ही आले.

मिझोराममध्ये भाकरीच्या जागी भात. तिथल्या ख्रिस्ती घरांत शंभराहून जास्त वर्षांची रीत आहे, ‘बुहफाई थाम’. रांधायला तांदूळ काढला की त्यातली एक मूठ चर्चसाठी वेगळ्या डब्यात टाकायची. जेवणं झाल्यावर उरलेल्या भातातली नव्हे. भांडं चुलीवर चढायच्या आधी, घरच्यांसाठी मोजून काढलेल्या तांदळातली.