रिव्हॉल्व्हरची अलाइनमेंट तपासायला कोणती गेज घ्यावीत?

मामांच्या परवान्याच्या बंदूक-दुरुस्ती दुकानात तुम्ही काम शिकताय. कानपूरचं .३२ आणि जुनं .३८ वेब्ली, दोन्हींना एकच रेंज रॉड (नळी आणि सिलिंडरमधलं काडतुसाचं घर, म्हणजे चेंबर, एका रेषेत आहेत का ते बघायची दांडी) चालेल का आणि तो उद्यमनगरात करून घेता येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी उद्यमनगरात गेज बनवण्याचंच काम करतो, म्हणून सांगतो. एक रॉड दोन्हींना अजिबात चालणार नाही. करून मात्र घेता येईल, पण नुसत्या लेथवर नको.

रॉड नळीच्या तोंडातून सोडायचा आणि त्याचं हेड समोरच्या चेंबरमध्ये न अडखळता गेलं पाहिजे, एवढीच ती तपासणी. म्हणून हेड नळीच्या आतल्या लँड्सना (खाचांमधल्या उंच पट्ट्यांना) अगदी बेताचं बसणारं हवं. बारीक हेड वाकड्या सिलिंडरमध्येही सहज उतरतं आणि सगळं ठीक आहे असं खोटं सांगतं. .३८ नावावरही जाऊ नका: .३८ स्पेशलची गोळी .३५७ इंचाची, तर वेब्लीची .३६१. त्यामुळे आधी नळी मोजा. ०.०१ मिमीच्या टप्प्यांचा पिन गेज सेट मिळतो. तेल लावून, जोर न लावता जी सर्वात मोठी पिन जाते, तोच तुमचा आकडा. हेड त्याहून किंचित कमी.

करून घेताना हेड सेंटरवर धरून सिलिंड्रिकल ग्राइंडिंग करायला सांगा आणि घेण्याआधी डायल लावून रनआउट, म्हणजे फिरताना हेड किती डगमगतं ते, बघा. मागची दांडी हेडपेक्षा बारीक हवी, म्हणजे ती नळीला घासणार नाही. पुढच्या कडेचा फक्त बर (कापताना उरलेला बारीक काठ) काढायचा. गोल केलेली कड चेंबरच्या पायरीवरून घसरून आत जाते आणि दोष लपतो. पॉलिश बघून खूश होणारे बरेच जण इथेच फसतात.

वापरताना आधी रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री, मग फोर्सिंग कोनमधलं, म्हणजे नळीच्या सिलिंडरकडच्या निमुळत्या तोंडातलं, शिसं साफ. हॅमर खाली, ट्रिगर मागे दाबून धरलेला, आणि रॉड स्वतःच्या वजनानं उतरू द्यायचा. सगळी चेंबर्स एकेक करून. अडला तर सिलिंडर बोटानं अगदी हलका डावी-उजवीकडे हलवा. सिलिंडरच्या खाचेत बसून त्याला अडवणाऱ्या लॉकच्या त्या ढिलाईत रॉड उतरला, तर गोळीही बहुधा स्वतः वाट करून घेते. तरीही उतरला नाही, तर दोष खरा.

दुसरी खरेदी फिलर गेजची. टू-व्हीलरच्या टॅपेटला वापरतात तोच. नळी आणि सिलिंडरमधली फट ०.१० ते ०.२० मिमी असली की मी समाधानी असतो. ती दोनदा मोजा, सिलिंडर पुढे ढकलून आणि मागे ढकलून. दोन्हीतला फरक म्हणजे एंडशेक, सिलिंडरची पुढे-मागे ढिलाई.

टायमिंग, म्हणजे सिलिंडर वेळेवर लॉक होतो का, हे तपासायला काही विकत घ्यावं लागत नाही. सिलिंडरवर बोटाचा हलका अटकाव ठेवून हॅमर सावकाश ओढा. हॅमर पूर्ण मागे जाण्याआधी लॉक खाचेत बसलाच पाहिजे.

एकाच चेंबरला रॉड अडत असेल, तर आधी त्याच चेंबरची खाच आणि मागच्या रॅचेटचा (सिलिंडर फिरवणाऱ्या दातेरी चकतीचा) दात बघा. सगळ्यांनाच अडत असेल, तर लॉक किंवा क्रेन (सिलिंडर बाजूला उघडणारा हात). वेब्लीला क्रेन नसते, तिथे बिजागरी आणि वरचा लॅच. फोर्सिंग कोन कापायचं रीमर मात्र इतक्यात घेऊ नका, आणि फाइल हातात घेण्याआधी मामांना दाखवा.