२५-हायड्रॉक्सी डी३ चा पीक : सोर्स बदलण्याआधी

पार्ल्याच्या एमएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलंय की मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे आयन करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) प्लाझ्मातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी३ ईएसआय सोर्स लावून (इलेक्ट्रोस्प्रे, प्रभारित थेंबांतून आयन बनवणारा भाग) जेमतेम दिसतं, गाइड एपीसीआय (आधी वाफ करून मग आयन बनवणारा सोर्स) लावायला सांगतात, तर लावू का?

लावा. पण त्याआधी अर्धा दिवस काढून दुखणं कुठलं आहे ते बघून घ्या. शुद्ध स्टँडर्ड एकदा नुसतं इंजेक्ट करा. मग ब्लँक (म्हणजे हा रेणू काढून टाकलेला) प्लाझ्मा एक्स्ट्रॅक्ट करून त्या अर्कात तेवढंच स्टँडर्ड घालून परत इंजेक्ट करा. शुद्ध द्रावणातच सिग्नल कमजोर असेल तर रेणू आयन व्हायला तयार नाही. शुद्धात चांगला आणि अर्कात पडलेला असेल तर प्लाझ्मातले फॉस्फोलिपिड (चरबीसारखे रेणू) त्याला दाबतायत. तुमच्याकडे बहुतेक दोन्ही निघेल.

ईएसआयमध्ये रेणूला सहसा द्रवातच प्रभार घ्यावा लागतो. अमाइन असलेली औषधं तो चटकन घेतात. डी३ कडे नुसते हायड्रॉक्सिल गट, प्रोटॉन धरून ठेवायला जागाच नाही. त्यात आक्रसत जाणाऱ्या थेंबाच्या पृष्ठभागावर जागा थोडी, आणि ती फॉस्फोलिपिड आधी अडवून बसतात. ड्युटेरियमवालं इंटर्नल स्टँडर्ड (जड हायड्रोजन घातलेला तोच रेणू, तुलनेसाठी नमुन्यात मिसळलेला) आकडा सावरून घेईल, गेलेली संवेदनशीलता परत आणणार नाही.

एपीसीआयची रीत उलटी. ३५०-४५० अंशांवर आधी सगळ्याची वाफ होते, कॉरोना सुई नायट्रोजन आणि सॉल्व्हंटची वाफ आयनित करते, आणि ती वाफ आपल्या रेणूला प्रोटॉन देते. थेंबावरच्या जागेचं भांडण उरत नाही, म्हणून सप्रेशन (सिग्नल दाबला जाणं) कमी होतं. संपत मात्र नाही. मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात) अ‍ॅसिटोनायट्राइलऐवजी मेथॅनॉल घ्या. अ‍ॅसिटोनायट्राइल प्रोटॉन जास्त घट्ट धरतं, मेथॅनॉल सहज सोडतं. प्रोटॉन घेतलेल्या रेणूच्या ४०१.३ बरोबर ३८३.३ सुद्धा दिसेल, तो पाण्याचा एक रेणू गेलेला आयन. घाबरू नका, पण फक्त पाणी जाण्याच्या ट्रान्झिशनवर (मोजायला निवडलेली मूळ आयन आणि तुकडा यांची जोडी) विसंबूही नका. कितीतरी वेगळे रेणूही पाणी टाकतात. सी३-एपिमरचं (तिसऱ्या कार्बनवरची रचना उलटी असलेला जुळा रेणू) वस्तुमान तर अगदी तेच आहे, कुठलाही सोर्स तो वेगळा करणार नाही. ते काम सोर्सच्या आधी रेणू वेगळे करणाऱ्या कॉलमचं.

आणि यूव्ही प्रकाशाने मोजण्याच्या जुन्या पद्धतीतला फॉस्फेट बफर कृपा करून आणू नका, त्याची वाफ होत नाही, मीठ साठतं. अंधेरीच्या एका लॅबमध्ये माझ्या हातून एकदा ते झालं. सोर्स उघडला तर आत भांडुपचं मिठागर! दोन दिवस साफसफाईत गेले. फॉर्मिक अ‍ॅसिड ०.१ टक्के पुरेसं आहे.

एपीसीआय प्रोब मिळतच नसेल तर पीटीएडी या अभिकर्मकाने डेरिव्हेटाइझ करा (म्हणजे रेणूला तो जोडून घ्या). ते डी३ च्या डायीनवर (शेजारशेजारच्या दोन दुहेरी बंधांवर) बसतं आणि प्रोटॉन धरणारे नायट्रोजन सोबत आणतं, मग तुमच्या ईएसआयवरही पीक वर येतो. एपीपीआय (प्रकाशाने आयन बनवणारा सोर्स) मी या रेणूसाठी शोधत बसणार नाही. क्रिप्टॉन दिव्याचे फोटॉन १० ईव्हीच्या आसपासचे, त्यामुळे टोल्युइनसारखा डोपंट (आधी स्वतः आयन होऊन प्रभार पुढे देणारा पदार्थ) लागतो. त्याची खरी कमाल पॉलीअ‍ॅरोमॅटिक संयुगांवर दिसते.