मथळा लावण्याआधी

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे संपादन विभागात, रुजू झालीस, फार आनंद झाला. फोनवर म्हणालीस, "सध्या नुसते मथळेच लावायला देतात." नुसते म्हणू नकोस. बातमीदार दिवसभर उन्हातान्हात फिरून कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, देतो, पण तिच्या डोक्यावर काय छापायचं ते रात्री डेस्क ठरवतं. वाचकाला हे माहीत नसतं, तो बातमीदारालाच शिव्या घालतो. टपरीवर पेपर चाळणारे बहुतेक जण मथळ्यापुढे जात नाहीत. आता तर मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, तेवढंच वाचून माणूस मत बनवतो आणि लगेच ग्रुपवर टाकतो.

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन येईल. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतील, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला नाहीतर टेकडी रोडला पोलीस अडवतील. समज, तुझ्याकडे कॉपी आली: अंगणवाडी सेविकांचा मोर्चा, मानधनवाढीची मागणी, निवेदन घ्यायला कुणी आलं नाही, सीताबर्डीत दोन तास कोंडी. तीन कॉलमांत काय घेशील? 'मोर्चामुळे सीताबर्डी ठप्प, नागपूरकरांचे हाल' हे हाताला आपोआप येतं, कारण आपण त्याच कोंडीतून ऑफिसला आलेलो असतो. त्यात एक अक्षर खोटं नाही. पण वाचक गाडीत बसून पाहू लागला आणि रात्रीच्या एसटीनं गडचिरोलीहून आलेली बाई त्याच्या वाटेतला अडथळा झाली. ती काय 'नागपूरकरांचे हाल' करायला आली होती? 'मानधनासाठी सेविका दिवसभर रस्त्यावर, निवेदन घ्यायला कुणीच नाही' हेही त्याच कॉपीत होतं. खोट्या बातमीची मला इतकी धास्ती नाही. ती आज ना उद्या पकडली जाते. खऱ्यातलं काय वर आलं आणि काय शेवटच्या परिच्छेदात गेलं, ते मात्र कुणी पकडत नाही.

याच परिसरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी जे झालं, ते तुझ्या जन्माआधीचं. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चातले ११४ जण गेले, त्यांत बायका आणि लेकरं पुष्कळ. स्मृतिदिनाच्या बातमीत आपण काय लिहितो? 'चेंगराचेंगरीत मृत्युमुखी पडलेल्यांना अभिवादन.' चेंगराचेंगरी झाली हे खरंच. पण एवढंच वाचणाऱ्याला वाटतं, गर्दी आपणहून आपल्याच अंगावर कोसळली. त्या वेळचा लाठीमार, लोक कशासाठी आले होते, सगळं मागे पडतं. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव दिलंय. त्यावरून रोज ये-जा करणाऱ्या किती जणांना त्यांची मागणी सांगता येईल? याला आपले मथळेही जबाबदार आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाचं मन शब्दांच्या मांडणीवर कसं फिरतं, यावर ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांचा १९८१ सालचा प्रयोग आहे. ६०० जणांच्या जिवावर उठलेला आजार, दोन उपाय, त्यातला एक निवडा. 'पहिल्या उपायानं २०० जण नक्की वाचतील' असं सांगितलं, तेव्हा ७२ टक्के लोकांनी तो निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय '४०० जण मरतील' असा सांगितला, तर २२ टक्क्यांनीच. आकडा तोच, माणसं मात्र उलटी गेली. आणि हा प्रश्न त्यांनी शांतपणे बसून सोडवला होता, चहा पिता पिता मोबाइल सरकवत नव्हे.

आपल्याकडे हे २०१८ साली पांढरकवड्याच्या वाघिणीच्या वेळी उघड दिसलं. वनखात्याच्या कागदात ती टी-१. शहरातल्या लोकांसाठी अवनी, दोन बछड्यांची आई. राळेगाव-पांढरकवडा भागातल्या माणसांसाठी नरभक्षक, कारण १३ बळींचा ठपका तिच्यावर होता आणि कापूस वेचायला शेतात जायची सोय उरली नव्हती. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली. शहरांत निषेध झाले, गावांत फटाके फुटले. 'अवनीची हत्या' म्हणणाऱ्या मथळ्यात मेलेल्या माणसांना जागा नव्हती. 'नरभक्षक वाघीण ठार' म्हणणाऱ्यात तिला मारायची वेळ का आली, या प्रश्नाला नव्हती. कोणतं नाव घ्यायचं हे ठरलं, तिथंच अर्धा निकाल लागला होता.

म्हणून एक सवय लावून घे. मोर्चाची कॉपी आली की आधी बातमीदाराला फोन लाव. मागणी एका ओळीत सांग म्हणावं, आणि निवेदन कुणी घेतलं तेही. त्याला सांगता आलं नाही तर कॉपी परत पाठव. बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची वेळ झाली म्हणून वरचे ओरडतील, ओरडू देत. तेवढ्या वेळात मथळा दोन्ही बाजूंनी एकेकदा लिहून बघ, बॅरिकेडच्या अलीकडून आणि पलीकडून. जागा असेल तर कोंडीची बातमी वेगळी सिंगल कॉलम लाव, वाचकाला रस्ता कुठं बंद आहे तेही कळायलाच हवं.

रविवारी घरी ये. या आठवड्यात लावलेले मथळे आणि त्यांच्या मूळ कॉप्या, दोन्ही घेऊन ये. बसून एकेक पाहू.

तुझा,
काका