कामगार-सल्ला : हक्काच्या रजेचा पगार कसा काढायचा?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात मी कायम कामगार आहे. बेसिक 10,400, डीए (महागाई भत्ता) 5,200, घरभाडे 780, असा 26 दिवसांचा पगार 16,380 रुपये. 2024 साली माझी हजेरी 265 दिवस भरली. मुलीच्या लग्नासाठी 8 ते 14 मे 2025 हक्काची रजा घेतली. कंपनीने सात रजा वजा केल्या आणि सहा दिवसांचे 2,080 रुपये दिले. एप्रिलमध्ये माझे दोन खाडे होते. हिशेब बरोबर आहे का? (एक वाचक, कुपवाड)

नाही. दोन्हीकडे कात्री लागली आहे, रजेतही आणि रकमेतही.

तुमची रजा मे 2025 मधली, म्हणून तिला कारखाने अधिनियम, 1948 लागू. मूळ कायद्याप्रमाणे मागच्या कॅलेंडर वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांच्या कामाला एक रजा. 265 ला 20 ने भागले की 13.25 येतात. अर्ध्यापेक्षा कमी अपूर्णांक सोडायचा, म्हणून 13 रजा. हजेरी 275 असती तर 13.75 चे 14 झाले असते. रजेच्या मध्ये किंवा कडेला आलेली सुट्टी रजेत मोजत नाहीत. 11 मे हा रविवार. तो वगळून सहाच रजा वजा व्हायला हव्यात.

आता दर. रजेच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष कामाच्या दिवसांची जी पूर्णवेळ कमाई झाली, तिची रोजची सरासरी धरायची. डीए धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस सोडायचा. एप्रिलमध्ये कामाचे 26 दिवस होते, तुम्ही 24 भरले. खाड्यांचे 1,260 कापून 15,120 उरले. 15,120 भागिले 24, म्हणजे रोज 630 रुपये. सहा दिवसांचे 3,780.

कंपनीने काय केले ते आकड्यावरून ओळखता येते : 10,400 भागिले 30, गुणिले 6, बरोबर 2,080. डीए गाळला आणि वर रविवार धरून 30 ने भागले. दुसरी नेहमीची चूक अशी की खाडे कापलेला पगारच पुन्हा 26 ने भागतात. तसे केले तर दर 581 वर येतो, म्हणजे एकाच खाड्याची वजावट दोनदा. तुमचे 1,700 रुपये येणे आहेत आणि एक रजा परत खात्यावर जमा व्हायला हवी. पगाराची चिठ्ठी आणि एप्रिलच्या हजेरीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुढे कुठेच किंमत राहत नाही.

आणखी एक गोष्ट, जी क्वचितच कुणी मागत असे. 1948 च्या कायद्यात चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाली की तिचा पगार रजेवर जाण्याआधी द्यावा लागत असे. त्यासाठी अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागे. वेळेत दिलेला अर्ज नामंजूर झाला तर ती रजा बुडत नाही. 30 दिवस शिल्लक ठेवण्याची मर्यादाही तिला लागत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रमसंहिता (जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेले एकत्रित कायदे) लागू झाल्या. मूळच्या 240 ऐवजी 180 दिवस पुरतात, 20 ला एक हे प्रमाण तेच आहे आणि 30 च्या वर साठलेल्या रजेचे पैसे वर्षअखेर मागता येतात. वेतनाची व्याख्याही बदलली. घरभाडे त्यातून वगळले आहे, मात्र वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात परत धरतात. म्हणून यापुढच्या रजांना वरचे 630 जसेच्या तसे लावू नका.

प्रश्न : साताऱ्यात मोठ्या कापड दुकानात काम करते. 15 ऑगस्टची सुट्टी मालक रजेतून कापतात. चालते का? (एक वाचक, सातारा)

चालत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि आपसांत ठरवलेल्या चार. शिवाय आठ किरकोळ रजा, ज्या वर्षअखेर संपतात, आणि 240 दिवस भरल्यावर 20 ला एक रजा, जी 45 दिवसांपर्यंत साठते. तिन्हींचे खाते वेगळे. मात्र दुकानातली माणसे आधी मोजा : या तरतुदींसाठीची मर्यादा 2025 च्या दुरुस्तीने 10 वरून 20 कामगारांवर नेली आहे.

प्रश्न : तासवडे एमआयडीसीत ठेकेदाराकडे जानेवारी ते एप्रिल 2025 मध्ये 98 दिवस भरले आणि काम सोडले. वर्ष भरले नाही म्हणून रजेचे पैसे नाहीत, असे ठेकेदार म्हणतो. (एक वाचक, कराड)

दिवसांची अट काम चालू असणाऱ्याला. सोडणाऱ्याला ती लागत नाही. 98 भागिले 20 म्हणजे 4.9, म्हणून पाच दिवसांचा पगार, आणि मागच्या वर्षीची शिल्लक असल्यास तीही. हे पैसे काम सोडल्यापासून दुसरा कामाचा दिवस संपण्याआधी द्यायचे असतात. ठेकेदाराने हात वर केले तर तेव्हा लागू असलेल्या 1970 च्या ठेका कामगार कायद्याप्रमाणे वेतनाची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. अर्ज दोघांच्या नावे करा आणि गेटपासची झेरॉक्स जोडा. ठेकेदाराच्या हजेरीपटावर नाव नसेल तर काम केल्याचा पुरावा म्हणून तीच कामी येते. दाद सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात मागता येते.